शेवटच्या डब्याची पाटी

केवलराम राहांगडाले यांनी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली आणि त्यांना विचाराल तर त्या छत्तीस वर्षांत त्यांनी एकच काम केलं: गाडी कुठवर आली ते सांगितलं. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लायनीवर, जंगलाच्या कडेला त्यांचं टेशन होतं. दोन बाकडी, एक हातपंप, एक मोहाचं झाड आणि स्टेशन मास्तर, एवढाच काय तो पसारा. लोक झाडाला सायकली टेकवून खिडकीशी यायचे आणि विचारायचे, "मास्तर, कुठवर आली जी?" मास्तर सांगायचे. उशीर असला तर उशीर सांगायचे. माहीत नसलं तर "सांगता येत नाही" म्हणायचे. यावर लोक चिडायचे, एकदा तर कोणीतरी वरपर्यंत तक्रारही केली की हा मास्तर काहीच धड सांगत नाही. पण लोकांच्या समाधानासाठी खोटी वेळ त्यांनी कधी सांगितली नाही.

या कामाचा एक नियम आहे आणि तो ठाऊक नसेल तर पुढची हकीकत कळायची नाही. मागच्या टेशनावरून गाडी सुटली म्हणजे ती इथं पोचली असं होत नाही. इंजिन धडधडत समोरून गेलं म्हणजेही पोचली असं होत नाही. शेवटच्या डब्याच्या पाठीमागे एक पाटी असते. ती डोळ्यांनी दिसली, म्हणजे मधे कुठे डबे तुटून राहिले नाहीत, गाडी पूर्ण आली. त्यांचा पॉइंट्समन बकाराम फलाटाच्या टोकाला उभा राहून ती पाटी बघायचा आणि ओरडून सांगायचा, "पूरी आली जी." मगच केवलरामजी वहीत वेळ लिहायचे आणि मागच्या टेशनाला कळवायचे की लाइन मोकळी झाली, पुढची गाडी सोडा. बकारामनं ओरडायच्या आधी त्यांचा हात वहीकडे गेला असं एकदाही झालं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी फुलचूरला घर बांधलं, आणि तिथं सुशिलाबाईंबरोबर सहा वर्षं सुखात गेली. मागच्या भादव्यात सुशिलाबाई आजारी पडल्या. नागपूरच्या दवाखान्यात सतरा दिवस होत्या. मुलगी रुची बेंगळुरूला, नोकरी नवी, सुट्टी मागायची तर साहेबापुढे उभं राहायचं. ती रोज संध्याकाळी फोन करायची, "बाबूजी, मी येऊ का?" केवलरामजी म्हणायचे, "कायले? साठ टक्के फरक आहे." तीन दिवसांनी सत्तर टक्के झाला. मग ऐंशी. ऐंशी टक्क्यांच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुशिलाबाई गेल्या. रुची विमानानं आली ती थेट मोक्षधामावर.

तेरवी करून ती परत गेली आणि त्यानंतर आली नाही. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान बोलणं तरी झालं असतं. दर रविवारी अकरा वाजता फोन यायचा. "कसे आहात?" "एकदम बढिया." "गोळ्या घेता ना?" "घेतो." "ठेवते मग." पावणेदोन मिनिटं. केवलरामजी घड्याळ बघून ठेवायचे. छत्तीस वर्षांची सवय अशी सुटत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी हा फोन तीन मिनिटांवर गेला.

"बाबूजी," रुची म्हणाली, "आईनं बड्यांचा व्हिडिओ काढला होता ना, तिच्या फोनमध्ये असंल. मले पाठवता का?"

आठ महिन्यांत पोरीनं पहिल्यांदा त्यांच्याकडे काही मागितलं होतं. केवलरामजी "हो" म्हणाले आणि फोन ठेवल्यावरही दोनदा "हो" म्हणाले.

व्हिडिओ होता. आजारपणाच्या आधीच्या हिवाळ्यात सुशिलाबाईंनी लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून, अंगणात उन्हात बसून, कोहळ्याच्या बड्या, म्हणजे वाळवणाचे सांडगे, कशा घालायच्या ते रुचीसाठी सांगितलं होतं. अडतीस मिनिटं. एवढा मोठा व्हिडिओ पाठवणं त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही आणि केवलरामजींनी "पाहू उद्या" म्हणत बाजूला ठेवलं. आता ते तो उघडायचे, सुशिलाबाई पदर खोचून "हं, चालू झाला का रे बाप्पा?" असं फोनलाच विचारायच्या, आणि तिथंच केवलरामजी बंद करायचे. पुढचं त्यांनी पाहिलंच नव्हतं. कधीतरी पाहू, घाई काय आहे, असं त्यांना वाटायचं.

फोनची अवस्था त्याच्या मालकिणीपेक्षा फारशी बरी नव्हती. चार्जरची पिन एकाच कोनात धरायची, तीही खाली काड्यापेटी ठेवून वरून रबर लावलं तर. संगणकाला जोडला तर संगणक त्याला ओळख दाखवत नसे. स्क्रीनवर दर पाच मिनिटांनी सूचना यायची की जागा भरली आहे. नेहमीच्या ॲपनं फाईल बघून हात वर केले. तेव्हा केवलरामजींना चंद्रकुमार आठवला.

चंद्रकुमार त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. नागपूरच्या एका कंपनीत इंजिनिअर. त्या कंपनीनं मोठमोठ्या फायली पाठवायचं 'सरसर' नावाचं ॲप काढलं होतं. तू त्यात नेमकं काय करतोस, हे घरात प्रत्येकानं एकेकदा विचारून सोडून दिलं होतं. केवलरामजींना मात्र ते एका वाक्यात कळलं होतं.

"काकाजी," चंद्रकुमार म्हणाला होता, "फाईल किती गेली ते दाखवणारी पट्टी असते ना, दहा टक्के, वीस टक्के... ती माझी."

"म्हणजे गाडी कुठवर आली ते तू सांगतोस."

"तसंच समजा."

त्या दिवशी केवलरामजींनी भावाला फोन करून सांगितलं होतं की पोरगा खानदानी धंद्यात आला. भावाचं बियाण्यांचं दुकान होतं, त्यामुळे त्याला काही कळलं नाही.

तर 'सरसर' सुशिलाबाईंच्या फोनवर चढवलं. पहिल्याच पायरीला त्यानं सांगितलं की तुमच्या नंबरवर आकडे पाठवले आहेत, ते भरा. नंबर दिवाळीपासून बंद होता. केवलरामजी इस्त्रीचा शर्ट घालून गोंदियाला सिमच्या दुकानात गेले.

काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन बघून सांगितलं, "अंकल, सिम तो सुशिलाबाई के नाम पे है. उनको ले आइए, अंगूठा लगेगा."

"त्या येऊ शकत नाहीत."

"कोई बात नहीं, घर बैठे वीडियो पे हो जाएगा. बस आँख झपकानी पड़ती है दो बार."

केवलरामजींनी पिशवीतून मृत्यूचा दाखला काढून काउंटरवर ठेवला. बाईंचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी पाणी दिलं. मग नियम सांगितला: दाखला जमा केला तर नंबर कायमचा बंद होईल. दाखला नाही दिला तर चालू होईल, पण त्याला जिवंत माणूस लागेल. "मग चालू नंबर कोणाचा राहतो?" असं केवलरामजींनी विचारलं. बाई म्हणाल्या, साहेबांना विचारावं लागेल, साहेब बालाघाटला गेलेत. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि त्यांनी फॉर्मवर 'ग्राहकाशी आपले नाते' या रकान्यापुढे 'पती' लिहिलेलं खोडून 'पती होते' लिहायला सांगितलं. केवलरामजी म्हणाले, "मी अजून आहे जी." साहेबांना ते पटलं नाही. केवलरामजी फॉर्म तिथंच सोडून घरी आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांनी चंद्रकुमारला फोन लावला. तो म्हणाला, "काकाजी, तुमचाच नंबर टाका ना. कोणताही चालतो."

"हे आधी काऊन नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही."

शुक्रवारी सकाळी, आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून, केवलरामजींनी फाईल सोडली. सुशिलाबाईंचा फोन, त्याला नेट पुरवायला स्वतःचा फोन, आणि शेजारी जुनी दुरेघी वही. वहीत लिहिलं: सुटण्याची वेळ ९.१०.

शेजारचे भैयालाल पटले चाळीस वर्षं राइस मिलमध्ये होते आणि मिलबाहेरच्या सगळ्या विषयांत तज्ज्ञ होते. ते कुंपणाशी आले. "केवलभाऊ, टावर तिकडं आहे अन् फोन तुम्ही इकडं ठेवून राहिले. टाकीवर ठेवा, उंचावर. पाणी जसं वरून खाली येते तसंच हे." पाणी आणि नेट यांची दिशा उलटी आहे अशी एक शंका केवलरामजींना आली, पण त्यांनी दोन्ही फोन चार्जरच्या लांब वायरीसकट गच्चीवरच्या टाकीवर नेऊन ठेवले. मग लीलाबाई, म्हणजे भैयालालांच्या मिसेस, ओट्यावरून म्हणाल्या, "भाऊजी, उन्हानं तापून जाईल ना तो. ओला टॉवेल घाला." ओला टॉवेल घातला. भैयालाल म्हणाले, टॉवेलातून रेंज जाते का कधी. टॉवेल काढला. दुपारपर्यंत टॉवेल सहा वेळा घातला आणि सहा वेळा काढला. गोंदियाच्या मे महिन्यात सिमेंटच्या टाकीवर काय होतं ते सांगायची गरज नाही.

पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की तो दिवस केवलरामजींचा चांगला गेला. गल्लीत बातमी पसरली. येणारा जाणारा फाटकाशी थांबून विचारू लागला, "कुठवर आली जी?" निवृत्तीनंतर हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. ते वर जाऊन बघून यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि सांगायचे, "सव्वीस. दहा पंचावन्नला." लोक मान डोलवायचे. दूधवाल्या छोटेलालनं तर उद्या येतो म्हणून सांगून परत अर्ध्या तासानं चक्कर मारली.

एक्केचाळीसवर गाडी थांबली. तासभर हलली नाही. भैयालाल म्हणाले फोनला जरा हलवा, लीलाबाईंनी उदबत्ती लावली, केवलरामजी वहीत लिहीत राहिले: ४१, ४१, ४१. मग एकदम साठ झालं. केवलरामजींच्या कपाळाला आठी पडली. मधली टेशनं कुठे गेली? पॅसेंजर अशी जात नाही. पण पट्टी पुढे इतकी सुरेख, इतकी एकसारखी सरकत निघाली की संशय घ्यायला जीव होईना. ऐंशी. नव्वद. नव्व्याण्णव. तिथं पाच मिनिटं. मग शंभर.

स्क्रीनवर हिरवी खूण आली. खाली लिहिलं होतं: फाईल पूर्ण गेली. ती पुसून फोनमधली जागा मोकळी करायची?

आणि छत्तीस वर्षं ज्या हातानं गाडी आली की लाइन मोकळी केली, त्या हातानं 'होय' दाबलं. वहीत वेळ लिहिली, ३.५२. खाली रेघ मारली. भैयालाल गच्चीच्या जिन्यावरूनच खाली ओरडले, "पोचली, पोचली." लीलाबाईंनी सगळ्यांना चहा केला.

तासाभरात सुशिलाबाईंचा फोन बंद पडला. त्याची पाठ फुगून वर आली होती. भैयालालांनी लगेच मत बदलून सांगितलं की टाकीवर ठेवायलाच नको होता. केवलरामजी त्याला रुमालात गुंडाळून बाजारात दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, "अंकल, इसमें अब कुछ नहीं बचा." केवलरामजी म्हणाले, "काही हरकत नाही. माल पोचला आहे." आणि ऐटीत घरी आले.

रुचीचा फोन संध्याकाळी आला. शुक्रवार होता. केवलरामजींनी पहिल्या घंटीला उचलला.

"बाबूजी, बावीस मिनिटांवर तुटून राहिला. पुढचं नाही आलं. परत पाठवता?"

केवलरामजी म्हणाले, "शंभर टक्के झालं होतं." मग पुन्हा म्हणाले, "मी वहीत लिहिलं आहे."

रुचीनं आलेला तेवढा तुकडा त्यांच्या फोनवर पाठवला. फोन न ठेवताच त्यांनी तो लावला. फक्त सुशिलाबाई बोलत होत्या. कोहळं किसाचं, पाणी पिळून काढाचं, उडदाची डाळ रातभर भिजवाची, वाटताना पाणी कमी टाकाचं. बोलता बोलता त्यांनी परातीतलं पीठ बोटावर घेऊन बघितलं, हात पुसला, फाटकाकडे एक नजर टाकली आणि आवाज बारीक केला. "अन् रुची, एक गोष्ट सांगतो, पण तुह्या बाबाले..."

तिथं पदराला पुसलेला हात तसाच राहिला होता. पुढं काही नव्हतं.

"काय असंल बाबूजी?" रुचीनं विचारलं. थोड्या वेळानं फोन ठेवला गेला; कोणी ठेवला ते त्यांना आठवत नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं चंद्रकुमार स्वतः आला. हे रात्री कळल्याबरोबर त्यानं कंपनीच्या यंत्रावर सगळीकडे शोधलं होतं. बाकीची सोळा मिनिटं कुठेच नव्हती. तो अंगणात खुर्चीच्या टोकावर बसला. कुंपणापलीकडे भैयालाल आणि लीलाबाई उभे होते. आज सल्ला नव्हता.

"मले समजावून सांग," केवलरामजी म्हणाले. "शंभर काऊन दाखवलं?"

"काकाजी, ॲपच्या खाली एक तयार व्यवस्था असते, आम्ही फ्रेमवर्क म्हणतो. फाईलचे तुकडे त्याच्या हाती द्यायचे. दर वेळी ते सांगतं, इतके घेतले, इतके घेतले. आम्ही तेच मोजतो."

"घेतले म्हणजे पोचले?"

"नाही. म्हणजे आमच्या हातून सुटले. पोचल्याचं तिकडून उत्तर यावं लागतं. नेट कमजोर असलं की उत्तर उशिरा येते. कधी येतच नाही."

"मग उत्तर येईपर्यंत थांबायचं."

"थांबलं तर पट्टी एका जागी उभी राहते. लोक घाबरतात काकाजी. बंद करून टाकतात. म्हणून साठच्या पुढं..." चंद्रकुमारनं मान खाली घातली. "साठच्या पुढं ती आपोआप सरकते. अंदाजानं. लोकांचा धीर सुटू नये म्हणून. ते मीच लिहिलं आहे."

केवलरामजी उभे राहिले. छत्तीस वर्षांचा राग त्यांच्या तोंडाशी आला होता. "गाडी सुटली की पोचली लिहिता? शेवटच्या डब्याची पाटी कोणी पाहिली? कोणाच्या हुकुमानं? समोरच्याचा धीर सुटू नये म्हणून तुम्ही मनानं आकडे..."

एवढं बोलून ते थांबले. त्यांनी खुर्चीची पाठ धरली, मग चंद्रकुमारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चहा घे. तुझी काही चूक नाही. म्हणजे आहे. पण मी तुले बोलायच्या लायक नाही." आणि आत निघून गेले.

आत खाटेवर बसून त्यांनी रुचीला फोन लावला. रविवार नव्हता, अकराही वाजले नव्हते.

"रुची, एक सांगायचं आहे. साठ टक्के डॉक्टर बोलले नव्हते."

"म्हणजे?" रुचीनं विचारलं.

"सत्तरही नाही, अन् ऐंशीही नाही. मी रोज विचारत होतो अन् ते रोज एकच म्हणत होते, सांगता येत नाही. आकडे माझे होते. तू घाबरशील म्हणून. तुझी नोकरी जाईल म्हणून. अन् खरं सांगू का, बोलून बोलून मलेही ते खरे वाटून राहिले होते." त्यांनी श्वास घेतला. "जन्मभर गाडीची खोटी वेळ सांगितली नाही. तुले सांगितली. तुही माय तुझी वाट पाहत होती. तिनं दोनदा विचारलं, रुची कुठवर आली. मी म्हटलं, निघाली आहे."

रुची रडत होती. केवलरामजींनी फोन कानाशी धरून ठेवला. या वेळी त्यांनी घड्याळाकडे बघितलं नाही. बाहेर लीलाबाई चंद्रकुमारला आग्रहानं पोहे वाढत होत्या आणि भैयालाल त्याला ॲपमध्ये काय सुधारायला पाहिजे ते सांगत होते.

बऱ्याच वेळानं रुचीनं नाक पुसल्याचा आवाज आला.

"तुम्ही कसे आहात बाबूजी?"

'एकदम' हा शब्द त्यांच्या जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"सांगता येत नाही," केवलरामजी म्हणाले.

मग तिनं तेच विचारलं जे भादव्यात सतरा दिवस रोज विचारलं होतं.

"मी येऊ का?"

"ये," केवलरामजी म्हणाले.